चालू सभासद

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मी सांगत असताना मध्ये हसलात की माझी गाडी घसरते, आणि मग नेमकं महत्त्वाचं तेच राहतं. महत्त्वाचं काय, तर माझ्या हातून झालेली चूक साधीसुधी नव्हती. साध्या चुका कोणीही करतो हो! माझ्या एका चुकीने शेहेचाळीस वर्षांचा संसार मुळापासून हलला. आणि तोही कुणाचा? माझ्या सासू-सासऱ्यांचा!

मी प्रमोद गावंडे. मूळचा यवतमाळचा, पुण्यात येऊन बावीस वर्षं झाली. बोलणं आता बऱ्यापैकी पुणेरी झालंय, फक्त घाबरलो की तोंडातून अजून 'काहून' निघतं. धंद्याने प्रोग्रामर, त्यातही डेस्कटॉपवाला. आजकाल जो तो मोबाइल आणि वेबच्या मागे. टेबलावरच्या कॉम्प्युटरवर रीतसर बसवायचं, डबलक्लिक करून उघडायचं, असं खणखणीत सॉफ्टवेअर लिहिणारे आम्ही उरलोय किती? इंटरनेट गेलं, मोबाइलची रेंज गेली, तरी आमचं चालू! मला त्याचा अभिमान आहे. थोडा जास्तच आहे असं माझी बायको वृंदा म्हणते, पण ती पुण्याची आहे. तिला दुसऱ्याचा अभिमान नेहमी जास्तच वाटतो.

तर माझे सासरे, म्हणजे अप्पा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. उभी नोकरी खडकवासल्याला पाण्याची पातळी मोजण्यात गेली. ठरल्या वेळी पट्टी बघायची, वहीत आकडा लिहायचा, घरी यायचं. बोलणंही तसंच. दिवसाला वीस-पंचवीस शब्द, त्यातले पाच 'हं'. असे हे अप्पा आमच्या कर्वेनगरातल्या वाचनालयाचे चिटणीस. एका रविवारी जेवताना त्यांनी भाताचं आळं करता करता मान वर केली.

"प्रमोदराव, वाचनालयाचं सगळं कॉम्प्युटरवर घेता येईल का?"

लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. एकोणीस वर्षांत या माणसाने मला पहिल्यांदा काहीतरी करायला सांगितलं होतं! मी तोंडातला घास न गिळताच म्हणालो, "अप्पा, घेता येईल का काय विचारता! घेतलंच समजा!"

पुढचे चार महिने माझे सगळे रविवार त्यातच गेले. पण सॉफ्टवेअर असं झालं, असं झालं, की माझ्या ऑफिसात कधी झालं नसेल.

थोडं तांत्रिक सांगतो. घाबरू नका, चहा निवायच्या आत संपवतो. प्रोग्राममध्ये खिडक्या असतात. पुस्तक द्यायची एक, परत घ्यायची एक, सभासद शोधायची एक. या खिडक्यांच्या मागे एक कंट्रोलर बसलेला असतो. ऑफिसातला हेडक्लार्क म्हणा ना. खिडकी त्याला विचारते, "आत्ता समोर सभासद कोण आहे?" तो सांगतो. आता प्रश्न असा, की प्रत्येक खिडकीला वेगळा हेडक्लार्क द्यायचा की सगळ्यांना मिळून एकच? मी म्हटलं, एकच! सामाईक! त्याला आमच्यात शेअर्ड कंट्रोलर म्हणतात. कुठल्याही खिडकीतून एका ओळीत हाक मारा, हा हजर. समोर उभ्या असलेल्या सभासदाचं नावही त्याच्याकडेच ठेवायचं. त्या कप्प्याला मी नाव दिलं 'चालू सभासद'.

ती ओळ इतकी देखणी जमली होती की मी वृंदाला स्वयंपाकघरातून बोलावून दाखवली.

"छान आहे," ती म्हणाली. "आता जाऊन कुकर बंद कर."

मग उद्घाटन. म्हणजे अप्पा, मी आणि ग्रंथपाल शेंडेबाई. शेंडेबाई सव्वीस वर्षं त्या काउंटरवर आहेत. कुठला सभासद कुठल्या पुस्तकाच्या कितव्या पानावर झोपतो हे त्यांना पाठ. त्यांच्या लाकडी ड्रॉवरमधली कार्डं जाऊन माझं सॉफ्टवेअर येणार होतं, त्यामुळे त्या माझ्याकडे, मी पाळलेला कुत्रा आत आणलाय अशा नजरेने बघत होत्या. मी त्यांना कंट्रोलर समजावला आणि दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडून दाखवल्या. तुम्हाला सांगतो, त्या बाईंना कॉम्प्युटरचं ओ की ठो माहीत नाही, आणि त्यांनी पहिला प्रश्न काय विचारावा?

"दोन खिडक्या उघड्या असल्या आणि दोन वेगळी माणसं असली, तर तुमच्या त्या कंट्रोलरचा गोंधळ नाही का होणार?"

"बाई, अहो तीच तर गंमत आहे!" मी म्हणालो. "कंट्रोलर एकच! एकाच माणसाचा गोंधळ कसा होईल?"

"एकाच माणसाचा जास्त होतो," शेंडेबाई म्हणाल्या. "असो. आपण शिकलेले आहात."

मी चक्क याला कौतुक समजलो!

शिवाय मी एक खास सोय ठेवली होती. पुस्तकाची मुदत संपायच्या दोन दिवस आधी सभासदाला मोबाइलवर मेसेज जायचा. कोरडा नाही, चांगला सुसंस्कृत. मजकूर मी स्वतः चार वेळा लिहून नक्की केला होता: 'सप्रेम नमस्कार. आपण नेलेले अमुक पुस्तक परत करण्याची मुदत परवा संपत आहे. आपल्या वाचनास मनःपूर्वक शुभेच्छा.' ते 'मनःपूर्वक' तर मी विसर्गासकट घातलं होतं. विसर्ग घालायला किती कष्ट पडतात ते लिहिणाऱ्यालाच माहीत.

सॉफ्टवेअर सुरू झालं. दोन-तीन आठवडे सुरळीत गेले. मी कर्वेनगरातून फिरायचो तेव्हा मला वाटायचं, लोक माझ्याकडे बघताहेत.

मग एका संध्याकाळी अप्पा आमच्या घरी आले. एकटे. आधी फोन न करता! अप्पा आयुष्यात कधी न सांगता कुठे गेलेले नाहीत. वृंदा क्लासला गेली होती. अप्पा सोफ्याच्या कडेवर बसले, हातात मोबाइल घट्ट धरलेला.

"प्रमोदराव, एक विचारायचं होतं."

"विचारा ना अप्पा!"

"तुमच्या त्या कॉम्प्युटरात... चूक होऊ शकते का? म्हणजे एकाचं पुस्तक दुसऱ्याच्या नावावर वगैरे?"

आता कुठलाही शहाणा माणूस काय म्हणेल? "का हो अप्पा, काय झालं?" असं विचारेल ना? मोबाइल हातात आहे, चेहरा उतरलाय, बघा तरी म्हणेल! पण मला ऐकू काय आलं? माझ्या सॉफ्टवेअरवर शंका!

"शक्यच नाही!" मी म्हणालो. आणि मग उठून फळ्यासारखी भिंत वापरून, हवेत बोटाने खिडक्या काढून, शेअर्ड कंट्रोलर म्हणजे काय हे त्यांना अर्धा तास समजावलं. "अप्पा, एक वेळ खडकवासल्याची तुमची पट्टी खोटी बोलेल, पण हे नाही बोलणार. पडद्यावर जे नाव, तोच माणूस. मी लिहून देतो!"

अप्पांनी सगळं शांतपणे ऐकलं. मोबाइल खिशात ठेवला. "हं," म्हणाले. आणि गेले. मला वाटलं, प्रभावित झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता वृंदाला आईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा फोन.

"वृंदा, तुझ्या बाबांनी चहा केला."

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी! मी उठले तर कप समोर! बशीसकट!"

"कसा झालाय?"

"कसा होणार? चूळ भरल्यासारखा. पण केला ना!"

आम्ही हसलो. मी म्हटलं, वय झालं की माणूस मऊ होतो. पण हे एवढ्यावर थांबेना. दुसऱ्या दिवशी अप्पांनी जेवल्यावर स्वतःचं ताट उचललं. त्याच आठवड्यात मोगऱ्याचा गजरा आणला, आणि कुठे ठेवायचा ते न कळल्यामुळे फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्यावर ठेवला. मग एका दुपारी म्हणे त्यांनी पेपर खाली ठेवला आणि आईंना विचारलं, "तुला काय वाटतं?"

"कशाबद्दल?" आईंनी विचारलं.

"कशाहीबद्दल," अप्पा म्हणाले.

आई फोनवर रडायच्याच बाकी होत्या. "शेहेचाळीस वर्षांत मला असं विचारलं नाही गं कधी! आणि काल काय म्हणतात, 'तुझं काही करायचं राहून गेलंय का?' वृंदा, यांना काहीतरी झालंय. आणि आपल्यापासून लपवताहेत. निरवानिरव चाललीय ही!"

झालं. वृंदा हादरली. शनिवारी आम्ही अप्पांना गाडीत घालून नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. रक्त, लघवी, छातीची पट्टी, सगळं. डॉक्टर म्हणाले, "एकदम ठणठणीत. माझ्यापेक्षा बरे आहात."

अप्पांनी शर्टाची बटणं लावत विचारलं, "म्हणजे या प्रकृतीत माणूस एकटा राहू शकेल?"

वृंदाने माझा हात असा दाबला की माझी अंगठी रुतली.

"एकटा कशाला राहाल?" डॉक्टर हसत म्हणाले.

"नाही, वेळ काही सांगून येत नाही," अप्पा म्हणाले. आणि खिडकीबाहेर बघू लागले.

घरी आल्यावर वृंदाने आईंना सांगितलं, बाबांचे रिपोर्ट एकदम चांगले आहेत, काळजीचं काही नाही. तुम्हाला वाटेल, आई खूश झाल्या असतील? छे! आई एकदम पांढऱ्या पडल्या.

"म्हणजे मला काहीतरी झालंय."

"आई, काहीतरी काय बोलतेस!"

"दोन महिन्यांपूर्वी माझ्या तपासण्या झाल्या ना? रिपोर्ट आणायला कोण गेलं होतं? हेच! मला काय म्हणाले? 'सगळं ठीक आहे.' एवढंच! आता कळलं. म्हणून चहा. म्हणून गजरा. म्हणून राहून गेलंय का विचारतात. आणि हे बघ!"

आईंनी उशीखालून एक छोटी वही काढली. अप्पांच्या सुबक अक्षरात आकडे लिहिलेले: 'तांदूळ एक, पाणी दोन. शिट्ट्या तीन. वरणात हिंग, फोडणीत. कणीक: पाणी हळूहळू.' पाण्याचे आकडे तर त्यांनी लाल शाईने अधोरेखित केले होते.

"मी गेल्यावर हाताने करून खायला शिकताहेत ते," आई म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला.

आम्ही रिपोर्ट शोधून काढून दाखवले, काही झालेलं नाही म्हणून शपथा घेतल्या, पण आईंचं एकच, "तुम्ही सगळे मिळालेले आहात." आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कपाट आवरायला काढलं. साड्यांचे गठ्ठे. ही वृंदाला, ही भाचीला, ही कामवाल्या मावशींना.

आता अप्पांच्या बाजूने बघा! त्यांच्या समोर आई कपाट रिकामं करताहेत, साड्या बांधताहेत. ते दारात उभे राहून बघायचे, आत जायचे आणि पुन्हा चहा टाकायचे. दिवसातून चार-चार वेळा चहा! दोघंही एकमेकांशी इतकं गोड वागत होते की घरात बसवेना. मी म्हणायचो, "वृंदा, या वयात प्रेम वाढतं, चांगलंय." वृंदा म्हणायची, "प्रमोद, तू फक्त कॉम्प्युटरबद्दल बोलत जा."

आणि नेमक्या याच दिवसांत शेंडेबाईंचे फोन सुरू झाले.

"गावंडे, आमच्या निवृत्त कर्नलसाहेबांच्या नावावर 'गरोदरपणातील आहार' दिसतंय. ते म्हणतात, मी नेलेलं नाही."

"बाई, विसरले असतील. वय झालंय त्यांचं, ऐंशीच्या पुढे आहेत."

"पुस्तक नेल्याचं विसरले असतीलही. पण आपण गरोदर नाही, हे त्यांच्या पक्कं लक्षात आहे."

चार दिवसांनी पुन्हा. कोणा कॉलेजकुमाराच्या नावावर 'गुडघेदुखीवर घरगुती उपाय'. मग एका कीर्तनकारांच्या नावावर 'कोंबडीचे शंभर प्रकार'. ते तर वाचनालयात येऊन शेंडेबाईंना हात जोडून म्हणाले, हे बाहेर कुणाला सांगू नका, मी नेलेलं नाही पण तरी सांगू नका.

मी ठाम होतो. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये चूक नाही. चूक शेंडेबाई करतात. आणि ते सिद्ध करायला मी शनिवारी सकाळी वाचनालयात गेलो. सोबत वृंदा आणि आई होत्या, पुस्तकं बदलायला. आईंना मुद्दाम बाहेर काढलं होतं. अप्पा आधीच कोपऱ्यातल्या टेबलावर पेपर उघडून बसलेले होते. पान उलटत नव्हते, एवढं माझ्या लक्षात आलं.

मी मोठ्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "बाई, तुम्ही रोज जसं करता तसंच करून दाखवा. मी मागे उभा राहतो."

"बरं," शेंडेबाई म्हणाल्या. "समजा हे कर्नलसाहेबांच्या शेजारचे देशमुख आले. त्यांच्यासाठी पुस्तक द्यायची खिडकी उघडली. नाव आलं, देशमुख. बरोबर?"

"बरोबर!"

"पुस्तक शोधायला मी मागे गेले. परत आले, तर दुसरं कोणी विचारतं, 'बाई, माझ्याकडे किती पुस्तकं आहेत हो?' लोक विचारतात. म्हणून मी शोधायची ही दुसरी खिडकी उघडली. त्यांचं नाव टाकलं, त्यांना सांगितलं दोन. ती खिडकी तशीच राहिली. मी देशमुखांच्या खिडकीत आले आणि 'पुस्तक दिले' दाबलं. आता बघा, कुणाच्या नावावर गेलं."

मी बघितलं.

आणि माझ्या तोंडून निघालं, "काहून?"

देशमुखांच्या नावावर गेलंच नव्हतं! शेवटचं नाव ज्याचं शोधलं त्याच्या नावावर गेलं होतं. अहो जाणारच! हेडक्लार्क एकच, त्याच्याकडे कप्पा एकच. दुसऱ्या खिडकीने त्याच्या कानात नवं नाव सांगितलं, त्याने जुनं पुसलं. पहिल्या खिडकीने विचारलं, 'चालू सभासद कोण?' त्याने इमानदारीत नवं नाव सांगितलं. पहिल्या खिडकीवर आपलं जुनंच नाव दिसतंय! माझी ती देखणी ओळ! माझा तो सामाईक कंट्रोलर! पहिल्या दिवशी या बाईंनी जे विचारलं होतं, शब्दशः तेच!

शेंडेबाईंनी फक्त चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. पुण्यात याला दयामाया म्हणतात.

"म्हणजे चूक होऊ शकते?"

मागून आवाज आला. अप्पा. पेपर हातात तसाच.

"होऊ शकते म्हणजे काय अप्पा, झालीय! शंभर ठिकाणी झाली असेल!"

अप्पांनी खिशातून मोबाइल काढला आणि माझ्यापुढे धरला. इतके दिवस जपून ठेवलेला मेसेज. खरं सांगतो, पहिल्यांदा माझं लक्ष विसर्गाकडे गेलं. छान उमटला होता! मग वाचलं.

'सप्रेम नमस्कार, सौ. सुमनताई. आपण नेलेले "घटस्फोट: कायदा आणि मार्गदर्शन" हे पुस्तक परत करण्याची मुदत परवा संपत आहे. आपल्या वाचनास मनःपूर्वक शुभेच्छा.'

सुमनताई म्हणजे आई! सभासद झाल्या तेव्हा आईंकडे मोबाइल नव्हता म्हणून कार्डावर नंबर अप्पांचा दिलेला, तोच मी जसाच्या तसा उचलला होता.

आईंनी अप्पांच्या हातातून मोबाइल घेतला. एकदा वाचलं. चष्मा वर करून पुन्हा वाचलं.

"मी?" आई म्हणाल्या. वाचनालयात 'शांतता राखा'ची पाटी त्यांच्या डोक्यावरच होती. "मी घटस्फोट? अहो, तुमचे मोजे कुठे आहेत ते तुम्हाला माहीत नाहीत, तुम्हाला कुणाच्या गळ्यात बांधून जाणार होते मी?"

"साड्या बांधत होतीस ना," अप्पा म्हणाले.

"मरणार होते म्हणून बांधत होते!"

"कोण मरणार होतं?"

"मी! तुम्ही माझा रिपोर्ट लपवलात ना? मग चहा कशाला करत होतात?"

"तू जाऊ नयेस म्हणून," अप्पा म्हणाले.

एक गृहस्थ पुस्तकाआडून बघत होते, ते पुस्तक उलटं धरलेलं होतं. आईंनी अप्पांच्या हाताला धरलं, जोरात, बाजारात मुलाला धरतात तसं. आणि दोघंही त्या कोपऱ्यातल्या बाकावर बसले. अप्पांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच असं काही बघत होतो की ज्याला 'हं' म्हणता येणार नाही.

मला भरून आलं. लाज वाटली हे खरं, पण खोटं कशाला बोलू, छातीही फुगली. जगात इतके प्रोग्रामर आहेत, इतक्या चुका करतात. कुणाच्या चुकीने पाटबंधारे खात्यातल्या माणसाच्या तोंडून 'तू जाऊ नयेस' असं निघालं आहे का? सांगा!

इथे थांबलो असतो तर हा किस्सा तुम्हाला दुसऱ्या कुणीतरी सांगितला असता, माझं कौतुक करत. पण मला चैन पडेना. शेंडेबाईंसमोर माझी अब्रू गेली होती ना! ती परत मिळवायची होती.

"बाई," मी म्हणालो, "चूक झाली, मान्य. पण माझ्या सॉफ्टवेअरची खरी करामत आता बघा. कुठल्या खिडकीत कुठल्या वेळी कुठलं नाव होतं, सगळ्याची मी आत नोंद ठेवतो. ते पुस्तक खरंतर कुणी नेलं होतं, ते आत्ता, या क्षणी काढून देतो!"

"राहू दे ना प्रमोद," वृंदा म्हणाली. "झालं ते झालं. घरी जाऊ."

"राहू दे काय? सगळ्यांच्या नोंदी दुरुस्त करायच्यात, सुरुवात इथूनच!"

"अरे, पुस्तक कधीच परत आलंय. कशाला उकरून काढतोस?"

"वृंदा, हा तत्त्वाचा प्रश्न आहे!"

"गावंडे," शेंडेबाई अचानक मऊ आवाजात म्हणाल्या, "सोमवारी बघू हो. सावकाश."

या बाईंनी सव्वीस वर्षांत कुणाला सावकाश म्हटलेलं नाही. मला कळायला नको? पण मी खुर्ची ओढून बसलो सुद्धा. टकटक टकटक! तारीख टाकली. पुस्तकाचा क्रमांक टाकला. नोंदी भराभर वर सरकल्या. आई आणि अप्पाही उठून मागे येऊन उभे राहिले. मी निकाल जाहीर करावा तसा एकेक ओळ वाचू लागलो.

"हे बघा! पाच वाजून चाळीस मिनिटं. सभासद शोधायची खिडकी: सौ. सुमनताई. म्हणजे आईंनी आपल्याकडे किती पुस्तकं आहेत ते विचारलं. बरोबर ना, आई?"

"हो, विचारलं होतं," आई म्हणाल्या. "त्या दिवशी मी आणि वृंदा आलो होतो."

"उत्तम! आणि त्याच्या तीन मिनिटं आधी उघडलेली, पुस्तक द्यायची खिडकी, जिच्यात ते घटस्फोटाचं पुस्तक खरोखर दिलं गेलं, ती कुणाची? तर सभासदाचं नाव आहे, सौ. वृंदा प्रमोद गा..."

पुढचं मी वाचलं नाही. वाचायची गरज नव्हती. फॉन्ट मी ज्येष्ठ नागरिकांसाठी मोठा ठेवला होता, सगळ्यांना लांबूनही स्वच्छ दिसत होतं.

मी खुर्ची फिरवली. वृंदा फडताळावरच्या पुस्तकांकडे बघत होती.

"मैत्रिणीसाठी नेलं होतं," ती म्हणाली.

"हां हां, मैत्रिणीसाठी!" मी म्हणालो. घाम फुटला होता. "म्हणजे तू वाचलं नाहीस."

"तिला वेळ नव्हता," वृंदा म्हणाली. "मग मीच वाचलं."

शेंडेबाईंनी ड्रॉवर उघडून उगाच कार्डं चाळायला घेतली. आई पदर तोंडाला लावून खोकू लागल्या. अप्पा पुढे आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा! आणि मग इतक्या आपुलकीने बोलले, की मी ते वाक्य आयुष्यभर विसरणार नाही.

"जावईबापू, उद्या सकाळी सहाला घरी या. चहात आलं कधी घालायचं ते दाखवतो."

मी पावणेसहालाच त्यांच्या दारात उभा होतो.